सूचना देणाऱ्याचं नाव

"घर में कोई जेंट्स नहीं है क्या?"

खिडकीपलीकडच्या बाबूनं मान वर न करता विचारलं. मी म्हटलं, आहेत की, दोन आहेत. एक कारखान्यात गेलेत, दुसरे पुण्याला असतात. "तो उनको भेजिए, मॅडम," असं म्हणून त्यानं माझा अर्ज फटीतून बाहेर सरकवला. मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी लगेच आपला हात आत घातला.

मी छप्पन्न वर्षांची आहे. मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालेय, दोन मुलं वाढवली, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं संसार केला. ज्या बाईच्या मृत्यूच्या दाखल्यातल्या चुका दुरुस्त करायला मी त्या खिडकीशी उभी होते, त्या माझ्या सासूबाई. चार वर्षं त्या अंथरुणावर होत्या. त्यांचं अंग पुसलं मी, सूर्यास्ताच्या आत पेज भरवली मी, शेवटचा णमोकार त्यांच्या कानात म्हटला तोही मी. पहाटेचे चार वाजून वीस मिनिटं झाली होती, हे घरात फक्त मला माहीत आहे, कारण घड्याळाकडे बघण्याचं भान तेव्हा मलाच राहिलं होतं. आणि त्यांच्या मरणाची सूचना द्यायला मी चालत नाही!

आता घडलं काय ते सांगते.

आई गेल्या त्या संध्याकाळी थोरले दीर पुण्याहून आले. कर्ता मुलगा, तेव्हा 'कागदाचं मी बघतो' म्हणाले. बघितलं म्हणजे काय, तर कोणाच्या तरी ओळखीच्या एजंटाला पैसे दिले आणि चार ओळी सांगितल्या. पाचव्या दिवशी दाखला हातात. सगळ्यांनी भाऊजींचं कौतुक केलं. मीही केलं, खोटं कशाला बोलू. दाखला घडी करून कपाटात गेला, आणि तो नीट वाचायला आम्हाला तीन महिने लागले.

वाचला तेव्हा कळलं की त्यात आई कुठं नाहीतच. वय चौऱ्याऐंशीचं ऐंशी झालेलं. आडनाव 'जैन'. इकडे मध्य प्रदेशात आपण सगळे जैनच. सासरे साठीच्या दशकात विदर्भातून हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले, तेव्हा हजेरीपटावर कोणीतरी 'जैन' लिहिलं, ते सोयीचं वाटलं, राहिलं. पण गावाकडे सातबारावर आईंच्या वडिलांकडून आलेलं दीड एकर आहे, आणि तिथं आहे त्यांचं पाळण्यातलं नाव, पुढं बापाचं नाव, पुढं माहेरचं आडनाव. लग्नात आमच्याकडे बाईचं पहिलं नावही बदलायचे. म्हणजे एकाच बाईची पहिली नावं दोन, आडनावं तीन, आणि दाखल्यावर त्यातलं बरोबर तेच, ज्याचा त्या दीड एकराला काही उपयोग नाही. त्यावर 'आईचं नाव' या रकान्यात नुसती आडवी रेघ. दोन्ही मुलांना स्वतःच्या आजीचं नाव माहीत नव्हतं. आजी म्हणजे आजी, तिला नाव कशाला असतं? मला माहीत होतं. दुपारी पाय चेपताना आई माहेरचं बोलायच्या, त्यात त्यांच्या आईचं नाव शंभरदा यायचं. पण मला कोणी विचारलंच नव्हतं.

दाखला घेऊन माझी नणंद गावी गेली. ती विधवा आहे, शिवणकाम करून राहते, आणि ते दीड एकर तिला द्यायचं दोन्ही भावांनी कबूल केलेलं आहे. तलाठी भला माणूस होता, त्यानं चहासुद्धा पाजला. म्हणाला, "ताई, ही बाई वारली, ते कळलं. पण आमच्या कागदावरची बाई कुठं वारलीय?"

घरी माझ्यावरच सगळे हसले. एवढ्याशा जमिनीसाठी कशाला, म्हणाले. ज्यांना दीड एकर 'एवढंसं' वाटतं त्यांच्याकडे ते नसलं तरी चालतं, एवढंच त्या हसण्यातून कळतं.

तर मी मुलीकडून १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा काढून घेतला आणि चष्मा लावून वाचला. आठवं कलम वाचा, मैत्रिणींनो. घरात मृत्यू झाला तर सूचना कोणी द्यायची, याचा क्रमच तिथं दिलाय. आधी घराचा प्रमुख. आणि प्रमुख म्हणजे कोण, तर घरानं ज्याला तसं मानलंय ती व्यक्ती. पुरुषच हवा असं तिथं नाही. प्रमुख हजर नसेल तर घरात असलेलं त्याचं सर्वांत जवळचं नातलग. आणि असं कोणीच नसेल, तरच 'घरातला सर्वांत वयस्क पुरुष'. होय, मूळ मजकुरात पुरुष असा शब्द आहे, कायदा १९६९ चा आहे आणि तो पुरुषांनी लिहिलाय. तरीही पुरुषाला त्यांनी बसवलंय शेवटच्या पाटावर! बायको, मुलगी, सून हे जवळचं नातं त्याच्या आधी येतं. मग खिडकीतला बाबू, आमचे भाऊजी आणि तुमच्या घरातले काका, ही शेवटची पायरी पहिली कशी समजतात?

त्यांना दोष देऊन मी थांबणार नाही. ती पायरी आपणच त्यांना दिली. मरण घरात आलं की बाई काय करते? अंगण झाडते, आलेल्यांना पाणी देते, सुतकाचं सोवळंओवळं सांभाळते, कोण जेवलं नाही ते बघते. कागद आला की म्हणते, 'यांना विचारा'. पगडी थोरल्या मुलाच्या डोक्यावर बांधली जाते आणि पगडीबरोबर आपण शाई-लेखणीही त्याच्याच हातात देऊन मोकळ्या होतो. ज्याला माणूस माहीत नाही त्यानं माणसाची शेवटची नोंद करायची, आणि जिला माहीत आहे तिनं स्वयंपाकघरात उभं राहायचं, ही कसली रीत?

मंडळात मी हे बोलले तर एकीनं विचारलं, "सुतकात ऑफिसला कसं जायचं?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणी खरोखर याच एका विचारानं घरात बसतात. सुतक आहे ते मंदिरातल्या पूजा-अभिषेकासाठी, मुनींच्या आहारदानासाठी. सरकारी खिडकीवर आपण अभिषेक करायला जात नाही. आणि हिशेब बघा. कायद्याची मुदत २१ दिवसांची. त्यातले बारा-तेरा सुतकात गेले, दोन-तीन पाहुण्यांना निरोप देण्यात गेले, म्हणजे उरले पाच-सहा. ते चुकले की उशिराचं शुल्क. तीस दिवस उलटले की वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. ज्यांच्या घरी पुरुष सुतकातही दुकान उघडतात त्यांनी तरी बायकांना हे सुतक सांगू नये.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. आपल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्याच्या नळ्या नको असतात. घरी, णमोकार ऐकत, समाधिमरण यावं अशी इच्छा असते. दवाखान्यात मृत्यू झाला की सूचना देणं दवाखान्याचं काम. घरी झाला की ते घराचं. म्हणजे ज्या समाजात घरचं मरण जास्त, त्या समाजातल्या बायकांना हे काम इतरांपेक्षा जास्त यायला हवं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा बेकायदा ठरवला तेव्हा आपण गावोगाव मूक मोर्चे काढले, आणि त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. मोर्च्यात पांढऱ्या साड्या नेसून पुढं बायकाच होत्या. ज्या मरणाच्या हक्कासाठी रस्त्यावर आलो, त्याच मरणाची नोंद मात्र एजंटावर सोपवतो!

आता दुसरा आक्षेप. तो मोठ्यानं कोणी बोलत नाही, पण मनात सगळ्यांच्या असतो. 'बाईच्या मागे असतं काय? ना पगार, ना पेन्शन. दाखला नाही काढला तर अडतं कुठं?'

देशाच्या नोंदणीचा आकडा ऐका. २०२० साली देशात ८१.२ लाख मृत्यू नोंदवले गेले. त्यात पुरुष ६०.२ टक्के आणि बायका ३९.८ टक्के. बायका अमर आहेत का? पुरुष थोडे आधी जातात, जास्त जातात, हे खरं. पण शंभरात वीसचा फरक एवढ्यानं पडत नाही. पुष्कळ बायका मेल्याचं कोणी सांगायलाच गेलेलं नसतं, कारण त्यांच्या नावावर अडण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं. जमीन नाही म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून तिच्या लेकीला जमीन मागता येत नाही. चक्कीचं जातं आहे हे, वरची पाळी कुठली आणि खालची कुठली ते सांगता येत नाही.

आणि कागदावर न आलेल्या मेलेल्यांचं काय होतं, हे भोपाळमध्ये राहणाऱ्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा वायूकांडाला नऊ वर्षं झाली होती. पिपलानी युनियन कार्बाईडपासून लांब, आमच्या घरी सगळे वाचले. पण आई सांगायच्या, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर शहरात चिता विझत नव्हत्या. एकेका चितेवर अनेक जण, एकेका खड्ड्यात अनेक जण. कोण कोणाचं हे कोणी लिहायचं? सरकारनं सुरुवातीला सांगितलेला आकडा २,२५९. १९८९ मध्ये कंपनीशी ४७ कोटी डॉलरचा समझोता झाला तो मृत्यू सुमारे ३,००० धरून. दाव्यांचे निवाडे होत गेले तसा सरकारचाच आकडा ५,२९५ वर गेला, आणि २०१० मध्ये केंद्र सरकार 'आम्ही तेव्हा कमी मोजले' म्हणत वाढीव भरपाई मागायला सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ मार्च २०२३ ला ती याचिका फेटाळली गेली. संघटना तर खरा आकडा याहून कितीतरी मोठा असल्याचं आजही सांगतात.

त्या कागदांसाठी कोण हिंडलं? बायका हिंडल्या. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला ही नावं ऐकली असतील. २००४ चा गोल्डमन पुरस्कार त्यांना मिळाला. एक मुसलमान, एक हिंदू, दोघी संसारी बायका, सरकारी छापखान्याच्या स्टेशनरीचं काम करता करता भेटल्या, संघटना केली आणि चालत दिल्लीला गेल्या. त्यांना कोणी 'जेंट्स को भेजिए' म्हटलं नसेल का? म्हटलंच असेल. त्या परत गेल्या नाहीत.

दाखल्याबद्दल एक गोष्ट बहुतेकींना माहीत नसते. त्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं. कारण नोंदवहीत असतं; पण दाखल्यात ते उघड करायचं नाही असं कायद्याचं सतरावं कलमच म्हणतं. २०२१ मध्ये करोनात हाच गोंधळ झाला. घरोघरी दाखले होते, पण माणूस करोनानं गेला हे त्यावरून कळेना. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की दाखल्यावर करोना लिहिलेलं नाही एवढ्या कारणानं कुटुंबाचे पन्नास हजार नाकारता येणार नाहीत. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं कारणाचं प्रमाणपत्र वेगळं असतं, शेवटच्या आजारात ज्यांनी बघितलं त्या डॉक्टरांनी ते विनामूल्य द्यायचं असतं, आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवायची असते. अंत्यसंस्काराची पावती तशीच. या दोन चिठ्ठ्या आपण कुठं ठेवतो? फ्रीजवर. तिथून त्या पंखा लागला की उडून जातात.

एजंटाबद्दलही बोलते. 'दोनशे-चारशेत घरपोच मिळतं, कशाला रांगेत उभं राहायचं?' कायद्याचं बारावं कलम म्हणतं, जो सूचना देतो त्याला नोंदीचा उतारा विनामूल्य द्यायचा. म्हणजे पहिली प्रत फुकट आहे. पुढच्या प्रमाणित प्रतींना थोडं शुल्क पडतं, ते भरावं आणि सुरुवातीलाच आठ-दहा प्रती काढून घ्याव्यात, कारण बँक, विमा, पेन्शन, सोसायटी, तलाठी, गॅस कनेक्शन, प्रत्येकाला खरी प्रत हवी असते आणि झेरॉक्स दाखवली की त्यांचा चेहरा आंबट होतो. एजंट पैसे घेतो त्याचं मला दुःख नाही. तो चुकतो त्याचं आहे. त्याला तुमची सासू माहीत नाही. फॉर्ममध्ये खाली विचारलेलं असतं की मयत व्यक्ती तंबाखू किती वर्षं खात होती, सुपारी किती वर्षं, दारू किती वर्षं. रात्रीचं पाणीसुद्धा सोडलेल्या आमच्या आईंसाठी एजंटानं ते तिन्ही रकाने कोरे ठेवले, तेवढं एक त्याचं बरोबर आलं. धंद्याच्या रकान्यात मात्र त्यानं 'कुछ नहीं' लिहिलं. सहा जणांचा स्वयंपाक, पापड-वड्यांचा घरगुती व्यवसाय, तीन बाळंतपणं आणि एक आंधळा सासरा. कुछ नहीं!

तर मी परत गेले त्या खिडकीशी. या वेळी कायद्याचं पान छापून नेलं होतं. नोंद मुळातच चुकीची असेल, तर खरी गोष्ट माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन जोडून ती दुरुस्त करता येते, असं नियमात आहे. दोन व्यक्ती म्हणून मी नणंदेला नेलं आणि शेजारच्या केरळी ताईंना. त्या निवृत्त नर्स, आईंचा रक्तदाब चार वर्षं त्यांनीच बघितला. बाबूनं तिघींकडे बघितलं. "दोनों लेडीज?" मी पान पुढं केलं. तो ते घेऊन आत गेला. आम्ही उभ्या राहिलो. केरळी ताईंनी पिशवीतून केळी काढून आम्हाला दिली, रांगेतल्या एका म्हातारीलाही दिलं. तिचा नवरा गेला होता आणि ती बिचारी तिसऱ्यांदा आली होती, कारण मुलगा दुबईत. तिला म्हटलं, आजी, तुम्हीच सही करायची, मुलाची वाट नका बघू. अर्ध्या तासानं बाबू परत आला आणि म्हणाला, शपथपत्र, आधार, सातबाऱ्याची प्रत, सगळं जोडा. जोडलं. अजून दोन फेऱ्या झाल्या, त्याचं रडगाणं गात नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दुरुस्ती म्हणजे चुकीचं नाव खोडून बरोबर लिहितात असं मला वाटलं होतं. तसं नसतं. मूळ नोंदीला हात लावायचा नाही आणि दुरुस्ती शेजारच्या समासात करून खाली सही-तारीख घालायची, असं पंधराव्या कलमात आहे. हिशेबाला ते योग्यच असेल. पण एजंटानं सांगितलेली बाई पानाच्या मधोमध राहणार आणि आमच्या आई समासात. पहिल्यांदाच मला विचारलं असतं तर त्या मधोमध असत्या.

दाखला दुरुस्त नावाचा मिळाला. माहेरचं नाव, 'उर्फ', सासरचं नाव. वय चौऱ्याऐंशी. आणि रेघेच्या जागी आईंच्या आईचं नाव. नणंदेनं ते तिथंच उभं राहून मोठ्यानं वाचलं. दहा प्रती मागितल्या तर बाबू म्हणाला, "दस का क्या करेंगी?" म्हटलं, बघते. सहा आजवर खर्ची पडल्या. तलाठ्याकडची वारसनोंद चालू आहे, ती व्हायला वेळ लागेल, पण आता तो म्हणत नाही की आमच्या कागदावरची बाई वारली नाही.

घरी येऊन मी माझ्यासाठीही एक कागद केला. पाळण्यातलं नाव, लग्नातलं नाव, आधारवरचं नाव, बँकेतलं नाव, आडनावं सगळी, जन्मतारीख खरी आणि शाळेतली, माझ्या आईचं नाव, वडिलांचं नाव. दागिन्यांच्या डब्यात ठेवलाय, म्हणजे नक्की सापडेल. खाली लिहिलंय, सूचना देणाऱ्याचं नाव : आणि पुढं मुलीचं नाव.

मुलगा रुसला. म्हणाला, "माझं का नाही?" म्हटलं, तुझ्या आजीच्या आईचं नाव सांग.

सध्या पाठ करतोय.